कोऱ्या चहाचे सहा महिने

दानेश्वरीला लहानपणापासून एक सवय लावलेली होती. कुणी काही खायला दिलं की हात पुढे करायच्या आधी तोंड उघडायचं, आणि तेही खायला नव्हे, विचारायला. "ह्यात काय काय घातलंय?" मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक असो की लग्नातली भजी, हिची चौकशी पुरी झाल्याशिवाय घास आत जात नसे. शाळेत पोरी तिला 'फौजदार' म्हणत. ती बिचारी काय करणार? घरी पार्वतम्मा होत्या.

पार्वतम्मा म्हणजे तिची आई. सोलापुरात बाळीवेशीच्या मागच्या बोळात कडक भाकरी कुठे मिळते असं विचारलं तर लोक बोट दाखवतात ते त्यांच्याच दाराकडे. ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, भाजायची आणि मंद धगीला ठेवून पार कडकडीत करायची. मग ती तीन-तीन महिने हलत नाही. पुण्यामुंबईला राहणाऱ्या निम्म्या बाळीवेशीच्या बॅगेतून पार्वतम्मांची भाकरी आणि शेंगाचटणी प्रवास करते. बाईंचा हात जेवढा सैल, नेम तेवढेच कडक. घरात येणारी खायची प्रत्येक वस्तू आधी गळ्यातल्या लिंगाला दाखवायची, मग तोंडात घालायची. भाजी असो, पाहुण्यांचे पेढे असोत, नाहीतर औषधाची गोळी असो. जे लिंगाला दाखवता येत नाही ते घरात येत नाही, हा त्यांचा कायदा. त्यांचे यजमान चन्नप्पा टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. ते या कायद्याच्या बाबतीत फक्त मान डोलवायचे.

अशा घरातली एकुलती एक पोर कापडाचं इंजिनियरिंग शिकली आणि पुढच्या शिक्षणाला पोर्तुगालला निघाली. तिथे डोंगराच्या पायथ्याशी कोव्हिल्या नावाचं लोकरीच्या गिरण्यांचं गाव आहे. गिरण्यांचं गाव म्हटल्यावर चन्नप्पांना ते एकदम ओळखीचं वाटलं. पार्वतम्मांनी दोन दिवस नुसत्या भाकऱ्या थापल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी लेकीला समोर बसवून कपाळाला विभूती लावली.

"जा दानम्मा. शिकून ये. पर एक शब्द दे मला. तितं जे तोंडात घालशील ते इचारून घाल."

"देते अव्वा."

"नुसतं देते नको. विभूतीला हात लावून सांग."

दानेश्वरीने हात लावून सांगितलं. शब्द देताना तिला काहीच जड गेलं नाही. जन्मभर दुसरं केलं होतं काय?

गेल्या गेल्या तिने पोर्तुगीजमधली तीन वाक्यं पाठ केली. मांस आहे का, मासे आहेत का, अंडं आहे का. 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' नंतर शिकली. त्या तीन वाक्यांनी तिचं पुरतं वाळवण केलं. सूप मागावं तर त्यात सॉसेजची चकती तरंगतेय, साधा पाव म्हणून घ्यावा तर आत मांसाचे तुकडे, गोड म्हणावं तर अंड्याशिवाय गोडच नाही. पहिला दीड महिना ती उकडलेले बटाटे, भात आणि आईच्या भाकरीवर राहिली. व्हिडिओ कॉलवर पार्वतम्मा रोज तेच दोन प्रश्न विचारायच्या. "काय खाल्लंस? इचारलंस का?" लेकीची गालफडं वर आलेली त्यांना दिसत होती, पण विचारायचं थांबवणं त्यांना जमत नव्हतं.

मग नोव्हेंबरात एका शनिवारच्या बाजारात तिला दोना अमेलिया, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत अमेलियाबाई, भेटली. वरच्या डोंगरातल्या एका खेड्यातून येणारी सत्तरीची बाई, डोक्याला काळा रुमाल, समोर लाकडी फळीवर मेंढीच्या दुधाच्या चीजच्या गोल चकत्या. तिने दानेश्वरीकडे नीट बघितलं आणि काही न विचारता पावाच्या तुकड्यावर चीज फासून तिच्या हातात ठेवलं. पावाचं विचारून झालं. चीजचं विचारलं नाही.

इथेच ती चुकली, आणि ही चूक तिच्या घरातलंच माणूस करू जाणे. लिंगायताच्या पोरीला दूध, दही, लोणी, तूप यांच्याबद्दल शंका घ्यायला कुणी शिकवलेलंच नसतं. मांस, मासे, अंडं, यांचा पहारा ठेवायचा. दुधाच्या दाराला कडी कशाला? मेंढीचं तर मेंढीचं, दूध ते दूध. मंगळवेढ्याला तिच्या आजोळी धनगरांचे वाडे शेतात बसायचे तेव्हा मेंढीच्या दुधाचा खरवस तिने खाल्लेला होता. चीज म्हणजे शेवटी घट्ट झालेलं दूधच की!

आणि काय चव होती! आंबूस, किंचित कडवट; आणि चकती वर मऊ, आत लोण्यासारखी ओघळणारी. दुसऱ्या शनिवारी तिने पिशवीतून कडक भाकरीचा तुकडा काढला, त्यावर ते चीज लावलं आणि वर शेंगाचटणी भुरभुरली. तिथेच फळीशी उभी राहून तिने डोळे मिटले. दोन महिन्यांत प्रथमच तिला पोटभर आणि आनंदाने जेवल्यासारखं वाटलं. तिने एक तुकडा दोना अमेलियाला दिला. म्हातारीने भाकरी कानाशी धरून मोडली, आवाज ऐकला, चव घेतली आणि पुढच्या गिऱ्हाईकाला थांबायला सांगून दुसरा तुकडा मागितला.

त्या दिवसापासून दानेश्वरीचं बस्तान बसलं. म्हातारीच्या नादाने तिला भाजलेले चेस्टनट कळले, मक्याच्या पिठाचा जाड पाव कळला, ऑलिव्हच्या तेलात परतलेली पालेभाजी कळली. खोलीवर ती मक्याच्या पिठाची भाकरी थापू लागली, आत हे चीज भरून. घरी असताना चुलीकडे न फिरकलेली पोर आईला फोनवर पाककृती सांगू लागली. पार्वतम्मांना त्यातलं अर्धं कळत नव्हतं, पण गाल भरलेले दिसत होते.

फेब्रुवारीत विरेश घरी निघाला. विरेश म्हणजे बोळातल्याच शेजाऱ्यांचा मुलगा, त्याच गावात एक वर्ष आधी शिकायला आलेला. त्याच्या बहिणीचं लग्न होतं. पोरगा मनाने चांगला, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. त्याला एक विचारावं तर तो सतरा सांगायचा. दानेश्वरीने त्याच्याबरोबर आईसाठी एक जुनं, घट्ट झालेलं चीज कापडात बांधून दिलं.

तो पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. "दाने, चीज घट्ट करायला कोकराच्या पोटातलं काहीतरी घालतात म्हणे. आत्ताच मोबाईलवर वाचलं. तुला माहीत होतं का?"

दानेश्वरी वर्गात होती. तिला पुढचं काही ऐकू आलं नाही. बाहेर येऊन तिने विचारलं, "अव्वाला दिलंस?"

"दिलं की काल. काकूंनी लिंगाला दाखवलं, मग दोघांनी खाल्लं. काकांनी तर दोनदा."

आपण चार महिने खाल्लं ते खाल्लं. पण ज्या बाईने उभ्या जन्मात केकचा तुकडा तोंडात घातला नाही, तिच्या हाताने आपण हे लिंगापुढे ठेवायला लावलं. विभूतीला हात लावून दिलेला शब्द गेला कुठे? तिने लिहिलं, "अव्वाला यातलं काही बोलू नकोस. तुला शपथ आहे."

"बरं," विरेशचं उत्तर आलं. विरेशने आयुष्यात एका शब्दात उत्तर दिलेलं नव्हतं. पण हे लक्षात यायला डोकं ठिकाणावर लागतं.

पुढचे पाच दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. दुकानात जाऊन चीजच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचली. काहींवर तसं लिहिलेलं होतंच. म्हातारीच्या चीजवर मात्र कापडाशिवाय काही नसायचं. शनिवारी बाजारात म्हातारीची फळी रिकामी होती. डोंगरावर बर्फ पडलंय, ती येणार नाही, असं शेजारच्या भाजीवाल्याने सांगितलं. सोमवारी वाट मोकळी झाल्याचं कळताच दानेश्वरी वर्ग बुडवून वर जाणाऱ्या बसमध्ये बसली.

दोना अमेलिया गोठ्याशेजारच्या खोलीत दूध गाळत होती. पोर दारात उभी, चेहरा उतरलेला. म्हातारीला वाटलं हिच्या घरी कुणी गेलं. दानेश्वरीने मोबाईलवर वाक्य लिहून भाषांतर करून पुढे धरलं. तुमच्या चीजमध्ये कोकराच्या पोटातलं घालता का?

म्हातारीने चष्मा लावून वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिला चक्क राग आला. तिने पोरीच्या दंडाला धरून आत नेलं आणि खुंटीवरची कापडी पुरचुंडी सोडून दाखवली. आत वाळलेले जांभळे तंतू होते, केसरासारखे बारीक. भिंतीला त्याच झाडाचा वाळका दांडा टांगलेला होता, अंगभर काटे, टोकाला काटेरी बोंड. म्हातारीने चिमूटभर तंतू मिठाबरोबर खलात चेचले, पाण्यात भिजवले, फडक्यातून पिळले आणि ते तपकिरी पाणी कोमट दुधात ओतलं. मग पोरीला स्टुलावर बसवून बोटाने खूण केली: थांब, बघ. पाऊण तासाने दुधात बोट घातलं तर दूध कापलं जाईल इतकं घट्ट झालं होतं. फूल! नुसतं फूल! तिच्या आईने, आजीने, पणजीने दुसरं कधी काही घातलंच नाही, असं ती छातीवर हात ठेवून सांगत होती.

दानेश्वरी स्टुलावरच रडायला लागली, आणि रडता रडता हसायला. इतकं हलकं तिला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. म्हातारीला काही कळेना. तिने आपली पोरीला वाटीभर ताजं दही-चोथ्यासारखं चीज दिलं आणि ती ते संपेपर्यंत समोर उभी राहिली. निघताना फुलाची एक पुरचुंडीही हातात कोंबली.

आईला सांगावं का? बसमध्ये तिने विचार केला. सांगायचं म्हणजे आधी न विचारता खाल्ल्याचं सांगावं लागणार. अव्वाला काही माहीतच नाही, तर उगाच राख कशाला उकरायची? आणि विरेशला? त्याला तर मुळीच नाही. घाबरवायला पुढे होता ना, बसू दे आता घाबरून! नंतर तो परत आला तो थेट पोर्तो शहरातल्या नोकरीवर गेला, आणि विषय तिथेच राहिला. अव्वाचाही एक प्रश्न तेव्हापासून गळला होता. "इचारलंस का?" असं ती आता म्हणत नसे, फक्त "पोटभर जेवलीस का?" एवढंच विचारायची. आई निवळली, असं समजून दानेश्वरीला बरंच वाटलं.

ऑगस्टमध्ये सुट्टीला ती घरी आली. पहिल्या सकाळी पार्वतम्मांनी तिच्यापुढे चहा ठेवला तो कोरा.

"दूध नासलं काय अव्वा?"

"न्हाय. मला दुधानं पित्त होतंय, म्हनून घेत न्हाय घरात. तुला पायजे असंल तर आणते की."

"असू दे."

चन्नप्पा पेपरात तोंड घालून बसले होते. ते नुसते खाकरले. जेवताना भाकरीबरोबर दही नव्हतं, भाताला ताक नव्हतं. लेकीसाठी दुपारी दुधाची पिशवी आली, पण पार्वतम्मांनी तिला हात लावला नाही. दह्याशिवाय घास न गिळणाऱ्या आईचं पित्त भारीच वाढलेलं दिसतंय, डॉक्टरला दाखवायला हवं, असं दानेश्वरीने मनाशी ठरवलं.

तिसऱ्या दिवशी लेकीसाठी करडईच्या दुधाची हुग्गी करायचं ठरलं. गव्हाची ही गुळाची खीर पार्वतम्मांच्या माहेरची, मंगळवेढ्याकडची. भिजवलेली करडई वाटायची, फडक्यात घालून पिळायची, की पांढरंशुभ्र दूध निघतं. दानेश्वरी शेजारी बसून बघत होती. ते फडकं, तो पिळा, खाली पडणारं पाणी. आजोळच्या करडईची काटेरी बोंडं तिच्या डोळ्यांपुढे आली आणि ती बोलून गेली, "अव्वा, तिथली म्हातारी अशीच फडक्यातनं फूल पिळते बघ. करडईसारखंच काट्याचं झाड असतंय. त्या फुलाच्या पाण्यानं दूध घट्ट करते. ते चीज."

पार्वतम्मांचे हात थांबले.

"कुठलं चीज? तू विरेशसंगं धाडलेलं?"

"तेच की."

"फुलाचं? कोकराचं न्हाय?"

आता दानेश्वरी थांबली. "तुला कोकराचं कुणी सांगितलं?"

पार्वतम्मांनी फडकं पातेल्यात ठेवलं आणि हात पदराला पुसले. "विरेशच आला की दुसऱ्या दिवशी दुपारी. काकू, त्यात आसं आसं आसतंय म्हनला. मी त्याला शपथ घातली, दानम्माला अक्षर बोलू नको म्हनून. पर त्यानं आदीच तुला फोनवर लिवलं आसंल तर देव जाने."

"लिहिलं होतं. मीबी त्याला शपथ घातली, तुला बोलू नको म्हणून."

तोंडात तीळ न भिजणाऱ्या त्या पोराने आधी दोघींनाही सांगून टाकलं होतं, आणि मग दोन्हीकडच्या शपथा सहा महिने सांभाळल्या होत्या.

"पण तू मला विचारलं का नाहीस, अव्वा?"

"काय इचारू? लांब हाय पोरगी. तेवढं एकच काय ते तुला तितं गोड लागत हुतं. कळलं आसतं तर तू तेबी सोडलं आसतंस, परत हाडं दिसली असती तुझी. म्हनलं, खाऊ दे. माझं मी बघून घेते."

"काय बघून घेते?"

उत्तर दिलं ते दारातून आत आलेल्या चन्नप्पांनी. "मठात गेली हुती. स्वामी म्हनले, न कळत झालंय, सोडून द्या. तर हिनं दूधच सोडलं. दूध, दही, ताक, तूप, सगळं. पोरगी शिकून येईस्तवर, म्हनली. आन् घरात दूध आलं की मन चळतं म्हनून मलाबी कोरा चहा!"

पित्त कसलं नि काय! दानेश्वरीची भीती पाच दिवसांत मिटली होती. आईने तीच भीती सहा महिने उराशी धरली, आणि पुढचं वर्षभर धरायला तयार होती. विरेशला एक ओळ लिहिली असती तरी त्याच दिवशी ती बोळात पोचली असती. तिने लिहिली नाही, ती विरेशला छळायला म्हणून.

"अव्वा, मला तेव्हाच कळलं होतं. पाचव्या-सहाव्या दिवशीच. मी स्वतः जाऊन बघून आले. तुला सांगितलं नाही, कारण... मी न विचारता खाल्लं होतं. शब्द मोडला होता."

तिला रडू आवरेना. आता आई काय बोलेल ते बोलू दे, असं म्हणून ती मान खाली घालून बसली.

"कशात गेलीस बघायला?"

"बसनं."

"बर्फात?"

"व्हय."

"मंग इचारलंस की," पार्वतम्मा म्हणाल्या. "जरा उशिरा इचारलंस. उठ आता, डोळं पूस. हुग्गीत खारट नको पाडू."

आणि मग त्या एकाएकी खाली बसल्या, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब सोडून. एवढ्या वर्षांत दानेश्वरीने आईला सकाळच्या कामात असं बसलेलं पाहिलं नव्हतं. पार्वतम्मांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं, डोळे मिटले, आणि एक लांबलचक श्वास सोडला. "फूल व्हय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "यव्वा, फूल व्हय!" आणि हसायला लागल्या. त्या हसल्या तशा चन्नप्पाही हसले.

"मंग आता दूध चालू का घरात?"

"तुमचं बंद कवा हुतं? टपरीवरनं मिशीला साय घेऊन येत हुता की रोज. मला काय दिसत न्हाय?"

चन्नप्पांनी मिशीवरून हात फिरवला आणि पुन्हा पेपर शोधायला गेले.

दानेश्वरीने बॅगेतून जांभळ्या फुलाची पुरचुंडी आणून आईच्या हातावर ठेवली. पार्वतम्मांनी ती उघडली, हुंगली, बोटांनी चुरून बघितली. उद्या लिटरभर दूध आणून ते घट्ट करून बघायचं ठरलं. पण उद्यापर्यंत कोण थांबणार?

"दानम्मा, जा, शेजारच्या अंबुबाईकडनं वाटीभर दही आण."

ती पळतच गेली आणि वाटी सांभाळत आली. पार्वतम्मांनी ताटलीत कडक भाकरी चुरली, वर शेंगाचटणी घातली आणि दह्याची वाटी हातात घेतली. मग थांबून त्यांनी लेकीकडे बघितलं.

"इचारलंस का?"

"विचारलं," दानेश्वरी म्हणाली. "कालच्याच दह्याचं विरजण आहे."

पार्वतम्मांनी वाटी लिंगाला दाखवली, सगळं दही भाकरीवर ओतलं आणि कालवून पहिला घास लेकीला भरवला.